जोडलेली गाडी आणि जुळलेली गाडी

सस्पेन्शनचा एखादा भाग बदलला की व्हील अलाइनमेंट करून घ्यावी लागते, हा गॅरेजमधला रोजचा नियम आहे. त्यामागे तत्त्वज्ञानातला एक फार जुना प्रश्न उभा आहे. नवा भाग निर्दोष, शेजारचे जुने भाग निर्दोष, प्रत्येक बोल्ट नेमून दिलेल्या ताकदीने आवळलेला. तरीही गाडी डावीकडे ओढते आणि काही हजार किलोमीटरांत टायरची आतली कड गुळगुळीत होते. अशा वेळी दोष नेमका कुठे असतो? एकेक भाग सोडवून तपासला तर तो कुठेच सापडत नाही. मग तो भागांहून वेगळ्या अशा ‘गाडी’ नावाच्या वस्तूत आहे, की भागांच्या परस्परसंबंधात? अवयव (भाग) आणि अवयवी (भागांनी बनलेली संपूर्ण वस्तू) यांचे नाते काय, यावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके वाद घातला. त्या वादातले एक गाजलेले उदाहरण रथाचे आहे.

अलाइनमेंटमध्ये मुख्यतः चार कोन मोजले जातात. समोरून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून किती कलते तो कॅम्बर. चाकाचा माथा गाडीकडे झुकला तर तो ऋण, बाहेर झुकला तर धन. बाजूने पाहिले असता चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष पुढे-मागे किती कलतो तो कॅस्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते त्यात या कोनाचा मोठा वाटा असतो. वरून पाहिले असता एका आसावरची दोन चाके पुढच्या बाजूला एकमेकांजवळ येतात की दूर जातात ते टो. मागची चाके मिळून गाडीला ज्या दिशेने ढकलतात ती दिशा आणि गाडीची मध्यरेषा यांच्यातला फरक म्हणजे थ्रस्ट कोन. यांपैकी एकही कोन कुठल्याही सुट्या भागाचा गुण नाही. टेबलावर ठेवलेल्या चाकाला वजन, व्यास, रंग असतो, कॅम्बर नसतो. तो येतो ते चाक हबवर, हब नकलवर (हब धरणाऱ्या सांध्यावर), नकल स्ट्रटला आणि लोअर आर्मला, आणि हे सगळे गाडीच्या सांगाड्याला जोडल्यावर, तेही गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना.

हे कोन किती बारीक गोष्टींनी बिघडतात ते दोन जोडांवरून दिसते. भारतातल्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब, असतो. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्येही होती. पुष्कळ गाड्यांत या स्ट्रटचा खालचा भाग नकलला दोन बोल्टांनी बांधलेला असतो. बोल्ट सहज शिरावा म्हणून भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठे ठेवलेले असते. दोन बोल्टांतले अंतर ६० मिलिमीटर आणि तिथली फट अर्धा मिलिमीटर धरली, तर चाक सुमारे अर्ध्या अंशाने कलू शकते. शॉकॲब्सॉर्बर बदलताना हे बोल्ट काढावेच लागतात. पुन्हा आवळताना नकल त्या फटीत जिथे टेकली असेल तिथेच पक्की होते, आणि ती जागा आधीचीच असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही.

दुसरा जोड टाय रॉड एंडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाकाकडे येणाऱ्या दांडीच्या टोकाचा. तो बदलताना अनुभवी मेकॅनिक जुन्या भागाचे आटे मोजून ठेवतो आणि नवा भाग तितकेच फेरे फिरवून बसवतो. ही रीत योग्य आहे, पण ती गाडी अलाइनमेंटच्या ठिकाणापर्यंत सुखरूप नेण्यापुरती. आट्यांमधले अंतर दीड मिलिमीटर आणि स्टिअरिंग आर्मची लांबी १३० मिलिमीटर धरली, तर एका पूर्ण फेऱ्याने चाक साधारण ०.६६ अंशाने वळते. पाव फेऱ्याची चूक झाली तरी सुमारे ०.१७ अंशाचा फरक पडतो. त्यातून नव्या भागाची लांबी जुन्यापेक्षा मिलिमीटरभर कमीजास्त असली, तर आट्यांचा हिशेब बरोबर येऊनही कोन चुकतो.

एवढ्याशा कोनाने काय बिघडते, याचे उत्तर भूमिती देते. चाक प्रवासाच्या दिशेपासून फक्त ०.१ अंशाने वळलेले असेल, तर दर किलोमीटरला ते सुमारे १.७५ मीटर आडवे सरकायला बघते. १०,००० किलोमीटरांत हे आडवे सरकणे साडेसतरा किलोमीटरांच्या घरात जाते. रबर झिजते ते या आडव्या ओढाताणीत. अशा टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवला तर एका दिशेने तो गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेने करवतीसारखा बोचतो. टो बिघडल्याची ही ओळखीची खूण आहे. कॅम्बर बिघडला असेल तर झीज टायरच्या एकाच कडेला होते.

सस्पेन्शनच्या प्रत्येक कामानंतर मात्र अलाइनमेंट लागतेच असे नाही. लोअर आर्म, त्याचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड, स्ट्रट, नकल, स्प्रिंग किंवा संपूर्ण सबफ्रेम यांना हात लागला की ती हवीच, कारण हे भाग चाकाची जागा ठरवतात. स्प्रिंगचा संबंध चटकन लक्षात येत नाही; पण स्प्रिंग बदलली की गाडीची उंची बदलते, आर्मचे कोन बदलतात आणि त्यांच्याबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही सरकतात. उलट लिंक रॉड किंवा अँटी-रोल बारचे बुश बदलल्याने चाकांचे कोन बदलत नाहीत, कारण हे भाग वळणावर गाडीचे कलणे आवरतात, चाक कुठे उभे राहावे हे ठरवत नाहीत. मागचा शॉकॲब्सॉर्बर स्प्रिंगपासून वेगळा असेल तर तो बदलल्यावरही सहसा अलाइनमेंट लागत नाही. म्हणजे ‘भाग बदलला’ एवढ्याने संपूर्णाचे काय झाले ते कळत नाही. तो भाग संपूर्णात कोणते काम करत होता हे पाहावे लागते.

इथे रथाचा जुना वाद उपयोगी पडतो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. आपण रथातून आलो असे राजा सांगतो, तेव्हा नागसेन एकेक भाग पुढे करून विचारतात: दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके, सांगाडा, जू, लगाम? प्रत्येकाला राजाचे उत्तर ‘नाही’ असेच येते. सगळे भाग मिळूनही रथ नाही, आणि भागांच्या बाहेरही रथ नाही. शेवटी ‘रथ’ हा भागांच्या आधाराने चालणारा केवळ व्यवहार ठरतो, आणि माणसाच्या नावाचेही तेच, असा निष्कर्ष निघतो. त्याच्या आधी संयुत्तनिकायात भिक्खुनी वजिरेने हाच दृष्टांत दिला आहे: भाग एकत्र आले की त्यांना रथ म्हणतात. कठोपनिषदातल्या रथाचा रोख निराळा आहे. तिथे शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. रथ ठीकठाक आहे असे धरून चर्चा होते ती रथी आणि सारथ्याची.

नागसेनांच्या प्रश्नमालिकेत एक प्रश्न मात्र येत नाही: या भागांची परस्परांतली मांडणी म्हणजे रथ का? ही उणीव सातव्या शतकातले बौद्ध आचार्य चंद्रकीर्ती यांनी भरून काढली. ‘मध्यमकावतार’ ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात त्यांनी रथाची सात अंगांनी तपासणी केली आहे. रथ भागांहून वेगळा नाही, भागांशी एकरूप नाही, भागांचा धनी नाही, भागांत नाही, भाग त्याच्यात नाहीत, भागांचा समूह नाही, आणि भागांचा आकार म्हणजे संस्थानही नाही. आकाराविरुद्धचा त्यांचा युक्तिवाद असा: हा आकार एकेका भागाचा म्हणावा, तर जोडल्यावर चाकाचा किंवा आसाचा आकार काही बदलत नाही, मग सुट्या भागांच्या ढिगातही रथ दिसायला हवा. तो समूहाचा म्हणावा, तर समूह हीच मुळात स्वतंत्र वस्तू नाही. जे नाही त्याला आकार कुठून येणार?

अलाइनमेंटच्या दृष्टीने या युक्तिवादाचा पहिला अर्धा भाग तंतोतंत खरा आहे. जोडल्याने चाकाचा आकार बदलत नाही, म्हणूनच दोष चाकात सापडत नाही. अडचण येते ती दुसऱ्या अर्ध्यात. समूह आणि त्याची मांडणी हा निव्वळ बोलण्याचा व्यवहार असेल, तर टायर झिजवतो कोण? ज्याच्या अंगी कार्य घडवण्याचे सामर्थ्य आहे ते खरे, ही कसोटी बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचीच. ०.१ अंशाचा टो रबर झिजवतो, पेट्रोल जाळतो, स्टिअरिंग ओढतो. त्याच कसोटीवर घासले तर हा संबंध खरा ठरायला हवा. पण धर्मकीर्तींनी ‘संबंधपरीक्षा’ नावाच्या छोट्या ग्रंथात संबंधांचे वास्तव अस्तित्व नाकारले आहे. त्यांच्या बाजूने उत्तर असे देता येईल की झीज घडवतात ते अमुक तऱ्हेने ठेवलेले भागच. ‘अमुक तऱ्हा’ नावाची आणखी एक वस्तू मानण्याची गरज नाही. हे उत्तर सहज मोडता येत नाही. पण ते स्वीकारले तरी ‘अमुक तऱ्हेने ठेवलेले’ हे शब्द गाळता येत नाहीत, आणि अलाइनमेंटच्या यंत्रावर जे मोजले जाते ते नेमके तेच.

न्याय-वैशेषिकांनी उलट टोक धरले. त्यांच्या मते अवयवांपासून अवयवी ही एक नवी, खरी वस्तू निर्माण होते आणि ती आपल्या अवयवांत समवाय, म्हणजे न सुटणाऱ्या, संबंधाने राहते. न्यायसूत्रांतला एक युक्तिवाद अगदी व्यवहारातला आहे: एक टोक धरून ओढले की सगळी वस्तू हलते, म्हणून ती केवळ ढीग नाही. गाडीला दोर बांधून ओढताना हे रोज दिसते. अवयवीच्या या कल्पनेतून पुढे एक टोकाचा सिद्धांत निघाला. कापडातला एक धागा काढला की जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून दुसरे कापड उत्पन्न होते. नैयायिक त्याला खंडपट म्हणतात. हे ऐकायला अतिशयोक्त वाटते. एक लोअर आर्म बदलल्याने गाडी नवी झाली असे कोणी मानणार नाही. नोंदणी क्रमांक, विमा, मालक सगळे तेच राहते. तरी अलाइनमेंट करणारा या सिद्धांताच्या जवळच वागतो. काम होण्यापूर्वीचे आकडे तो ग्राह्य धरत नाही. समोरची गाडी जणू पहिल्यांदाच उभी राहिली आहे असे समजून चारही चाके नव्याने मोजतो.

वैशेषिकांच्या मांडणीत आणखी एक कामाची गोष्ट आहे. प्रशस्तपादांनी सांगितलेल्या २४ गुणांत संयोग हा एक गुण आहे, आणि तो एकाच द्रव्यात न राहता दोन द्रव्यांत मिळून राहतो. सस्पेन्शनमधल्या दोषाचा ठावठिकाणा सांगायला याहून नेमकी भाषा मिळणे कठीण. दोष स्ट्रटमध्ये नाही, नकलमध्ये नाही. तो दोघांत मिळून आहे. मात्र संयोग एवढेच म्हणून भागत नाही. दोन्ही बोल्ट पूर्ण आवळले की संयोग पूर्ण होतो, तरी कोन चुकलेला राहू शकतो. जोडले आहे की नाही या प्रश्नानंतर कोणत्या दिशेने जोडले आहे हा दुसरा प्रश्न येतो. वैशेषिकांनी दिक् म्हणजे दिशा हे नऊ द्रव्यांपैकी एक स्वतंत्र द्रव्य मानले. दिशा हा वस्तूंवर लादलेला आपला भ्रम नाही, ही त्यामागची धारणा अलाइनमेंटच्या कामात पदोपदी पटते. ग्रीकांत ॲरिस्टॉटलही अशाच निष्कर्षाला आला होता. ‘मेटाफिजिक्स’मध्ये तो म्हणतो की अक्षरांपासून बनलेला शब्दावयव म्हणजे नुसती ती अक्षरे नव्हेत, त्यांना एका रूपात आणणारे आणखी काही तिथे असते, आणि ते ‘काही’ म्हणजे त्या अक्षरांच्या रांगेतले आणखी एक अक्षर नव्हे.

तीच गाडी की नवी, या प्रश्नावर जैन दर्शनाची वाट मधली आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’नुसार जे सत् आहे त्यात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य तिन्ही एकत्र असतात. दुरुस्त झालेल्या गाडीला हे सरळ लागू पडते: जुनी जुळणी गेली, नवी आली, गाडी मात्र कायम राहिली. मालकाचे लक्ष ध्रौव्याकडे असते, म्हणून ‘गाडी तीच आहे, पुन्हा मोजायचे कशाला’ असे त्याला वाटते. कारागिराचे लक्ष उत्पाद-व्ययाकडे असावे लागते. दोघांचेही म्हणणे आपापल्या नयाने, म्हणजे दृष्टिकोनातून, खरे आहे. चूक होते ती एका नयाने दुसऱ्याचे काम करू पाहिल्यावर.

आता उरतो निकषाचा प्रश्न. सरळ म्हणजे कशाच्या मानाने सरळ? चाके अगदी काटकोनात आणि एकमेकांना समांतर उभी करणे म्हणजे अलाइनमेंट नव्हे. प्रत्येक गाडीसाठी निर्माता कोनांच्या मर्यादा ठरवून देतो, आणि पुष्कळ गाड्यांत कॅम्बर मुद्दामच किंचित ऋण ठेवलेला असतो. शर्यतीच्या गाडीला तो आणखी ऋण देतात, कारण वळणावर पकड हवी असते आणि टायर लवकर झिजला तरी चालतो. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असल्याने भारतात डाव्या बाजूने चालणारी निर्दोष गाडीही किंचित डावीकडे जाऊ पाहते. म्हणजे एकच आकडा एका गाडीत गुण आणि दुसरीत दोष ठरतो. इथे बौद्धांच्या म्हणण्याला त्याचा वाटा द्यावा लागतो: निकष माणसाने, एका हेतूसाठी ठरवलेला असतो. पण निकष ठरवलेला आहे म्हणून त्याचे परिणामही मानलेले आहेत असे होत नाही. कोणता कोन हवा हे गाडीच्या कामावर ठरते. त्या कोनात टायर किती झिजेल हे कोणाच्या मानण्यावर ठरत नाही.

मोजण्याच्या क्रमातही अवलंबनाचे तत्त्व आहे. आधी टायरमधली हवा, झीज आणि जोडांतला खेळ तपासतात; बॉल जॉइंट खिळखिळा असेल तर यंत्रावर आलेला आकडा गाडी खाली उतरताच बदलतो. लोअर आर्मचे रबरी बुश चाके टेकून गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर आवळायचे असतात. चाके लोंबकळत असताना आवळले तर रबर पिळलेलेच राहते, लवकर फाटते आणि गाडीच्या उंचीवरही परिणाम करते. त्यानंतर आधी मागची चाके, मग पुढची. पुढच्यात आधी कॅस्टर आणि कॅम्बर, शेवटी टो. कॅस्टर किंवा कॅम्बर हलवला की टो बदलतो, म्हणून हा क्रम उलटा करता येत नाही. टो ठरवताना स्टिअरिंग मध्यावर धरून ठेवतात, नाहीतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडे राहते. नव्या गाड्यांत त्यापुढे स्टिअरिंगचा कोन सांगणारा सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो आणि काही गाड्यांत कॅमेरा-रडारचे कॅलिब्रेशनही करावे लागते, कारण त्या यंत्रणेने ‘सरळ समोर’ कोणत्या दिशेला मानावे हे चाकांच्या दिशेवरून ठरते. एका बोल्टपासून सुरू झालेली गोष्ट अशी गाडीच्या ‘नजरे’पर्यंत पोचते.

यातून जबाबदारीचा प्रश्न निघतो. आपल्याकडे सस्पेन्शनचे काम बहुधा एका गॅरेजमध्ये होते आणि अलाइनमेंट टायरच्या दुकानात. भाग बनवणाऱ्याने तो मापात बनवला, मेकॅनिकने नीट बसवला, मालकाने पैसे दिले. प्रत्येकाने आपले काम चोख केले आणि तरी गाडी ओढते. दोष फक्त भागांत राहतो असे मानले, तर इथे कोणाचीच चूक नाही असे म्हणावे लागेल. तो संबंधात राहतो असे मानले, तर जबाबदारी त्याच्यावर येते ज्याने संबंध मोकळा केला. स्ट्रटचे बोल्ट ज्याने सोडवले, त्याने जुनी जुळणी मोडली. ती पुन्हा जुळवणे किंवा किमान मालकाला तसे स्पष्ट सांगणे हे त्याच्या कामातच मोडते. ‘मी फक्त शॉकॲब्सॉर्बर बदलला’ हे वाक्य भागांपुरते खरे आहे, गाडीपुरते अर्धे.

रथ खरा की नावापुरता, हा वाद इथे मिटत नाही आणि अलाइनमेंटचे यंत्र तो मिटवूही शकत नाही. एवढे मात्र नक्की सांगता येते की भागांची यादी पूर्ण झाली म्हणून संपूर्ण पूर्ण होत नाही. त्यांच्यातले संबंध वेगळे तपासावे लागतात. म्हणून सस्पेन्शनचे काम करून घेताना मालकाने दोन गोष्टी मागाव्यात: बदललेला जुना भाग आणि अलाइनमेंटचा आधीचा व नंतरचा छापील अहवाल. जुना भाग हातात आला म्हणजे दुरुस्ती झाली हे कळते. ती पूर्ण झाली की नाही हे अहवालातले आकडे निर्मात्याच्या मर्यादेत बसल्यावरच ठरते.